तीन मिनिटं झाली, वाढवू का?

१

सत्तरी ओलांडल्यावर माणसाला पुन्हा नोकरी लागत नाही म्हणतात, पण ट्रंककाकांना लागली. तीही घरबसल्या, आणि साहेब कुणीच नाही!

काकांनी उमेदीची पंचवीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये परगावचे कॉल, म्हणजे ट्रंककॉल, जोडण्यात घालवली होती. म्हणून तर गल्लीतली पोरंसोरंही त्यांना ट्रंककाका म्हणत. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, दोन्ही हातांत वायरी. परगावचं बोलणं तेव्हा तीन-तीन मिनिटांच्या मापानं मिळायचं. आधी विचारायचं, "कोण बोलतंय? कुणाकडे जोडू?" आणि तीन मिनिटं भरली की हळूच मध्ये शिरून म्हणायचं, "तीन मिनिटं झाली, वाढवू का?" ही दोन वाक्यं जिभेवर अशी बसली होती, की अजूनही दाराची बेल वाजली की काका आतूनच ओरडत, "कोण बोलतंय?" आणि दारातला कुरियरवाला गोंधळून आपल्या हातातल्या मोबाइलकडे बघायचा.

यंदा घरात आनंद मावत नव्हता. लेकीच्या लग्नाला बारा वर्षं झाल्यावर तिला मुलगी झाली होती. पठ्ठीला जगात यायची इतकी घाई, की सात आठवडे आधीच आली. अडतीस दिवस हॉस्पिटलच्या काचेच्या पेटीत काढून ती आजोळी आली, तेव्हाही सगळी मिळून दोन किलो भरली नव्हती. सगळे तिला मुंगी म्हणायला लागले.

पहिल्याच दिवशी, पेटीच्या गोल खिडकीतून हात घालून काकांनी तिच्या तळव्याला बोट लावलं होतं आणि आजूबाजूला कुणी नाही बघून तोंड खिडकीशी नेलं होतं. "हे बघ," ते कुजबुजले होते, "आजोबा तर सगळ्यांनाच असतात. तू मला हॅलोबा म्हण." मग आपल्याच खुळेपणाची त्यांना लाज वाटली. ही गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नाही, काकूंनाही नाही, आणि पुन्हा कधी उच्चारलीही नाही.

एकच काटा होता. हॉस्पिटलमधल्या कानांच्या तपासणीत दोन्ही कानांपुढे फुली आली होती. "लवकर झालेल्या बाळांचं होतं असं कधी कधी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "महिन्यानं पुन्हा बघू." तो महिना येत्या गुरुवारी भरत होता.

२

मुंगीला बघायला माणसांची रीघ लागली. जावयाचे आईवडील आले, काकूंचा धाकटा भाऊ आला, त्याची बायको आली, चुलत-मावस मिळून अकराजण मुक्कामालाच आले. घराचं गोकुळ झालं. जावयानं हौसेनं चार स्पीकर बसवले होते, तोंडानं सांगितलं किंवा मोबाइलवरून पाठवलं की गाणं लावणारे. एक हॉलमध्ये, एक स्वयंपाकघरात, एक काकांच्या खोलीत आणि एक मुंगीच्या खोलीत, अंगाईसाठी.

अकरा पाहुणे आणि चार स्पीकर म्हणजे काय होणार? स्वयंपाकघरात कांदा चिरताना व्यायामाच्या सूचना यायला लागल्या. काका स्नानगृहातून बाहेर आले की त्यांच्या खोलीत कुणीतरी लावलेलं लावणीच्या ढंगाचं गाणं त्यांचं स्वागत करायचं. काकूंचा भाऊ, ज्याला सगळेच मामा म्हणत, तो तर या उद्योगात वस्तादच. सगळे पोट धरून हसायचे.

एका सकाळी विहीणबाईंनी मोबाइलवर लग्नाच्या वरातीचं गाणं लावायला घेतलं, बोट चुकीच्या जागी पडलं, आणि बँडबाजासकट ते गाणं मुंगीच्या खोलीत पूर्ण आवाजात सुरू झालं. घरभर धावपळ उडाली. चौघं-पाचजण एकमेकांवर आपटत दारात पोचले आणि तिथेच थबकले.

मुंगी झोपली होती. बँड कानाशी वाजत होता आणि तिची पापणीसुद्धा हलली नव्हती.

लेकीनं पुढं होऊन स्पीकर बंद केला. विहीणबाई पदर तोंडाला लावून खुर्चीत बसल्या. त्यांच्या हातून अजाणता तीच तपासणी झाली होती, जिला सगळेच भीत होते.

दुपारी काकांनी जावयाला हाक मारली. "जावईबापू, आजपासून लाइन माझ्या हातात."

३

जावई शहाणा. त्यानं पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय काढून दिलं. त्यावरून फक्त हॉलमधला स्पीकर वाजवता यायचा, तोही काकांनी परवानगी दिली तर. कुणी मागणी केली की काकांच्या मोबाइलवर पाटी यायची: नवा पाहुणा, कुठली खोली, किती वेळ. काका ती पाटी वाचून मोठ्यानं विचारत, "कोण बोलतंय? कुणाकडे जोडू?" आणि समोरच बसलेला मामा हात जोडून म्हणे, "मीच तो साहेब, एक जुनं गाणं लावा, फार उपकार होतील."

शिवाय काकांनी एक वही सुरू केली. पाहुण्याचं नाव, खोली, सुरू झाल्याची वेळ, संपल्याची वेळ. काकू म्हणाल्या, "सगळं मोबाइलमध्ये दिसतंय ना, मग वही कशाला?" काका म्हणाले, "बोर्डवर बसणाऱ्यानं नोंद आपल्या हातानं करायची असते."

मुंगीच्या खोलीची लाइन मात्र कुणालाच नाही. दुपारी तिथे फक्त काका जात. रोज चारच्या सुमाराला, बाकीचे चहाला बसले की ते तिच्या पाळण्याशेजारी खुर्ची ओढून बसत आणि एक्स्चेंजमधल्या गोष्टी सांगत. तिला ऐकू येतंय की नाही, हा प्रश्न त्या वेळात ते खोलीबाहेर ठेवत. उभं आयुष्य समोरचा दिसत नसताना बोलण्यात गेलेला माणूस, त्याला त्याचं काय?

सोमवारी, गोष्ट संपवून ते बाहेर आले आणि सवयीनं मोबाइलमधली यादी उघडली. अकरा पाहुणे हॉलच्या नावाखाली. आणि खाली, मुंगीच्या खोलीपुढे, बारावा.

नावाच्या जागी काहीच नव्हतं. सुरुवात चार वाजून दोन मिनिटं, शेवट चार वाजून अकरा. परवानगीची पाटी आलेलीच नव्हती. काकांनी नावाची जागा कोरी ठेवून वहीत नोंद केली.

४

"मामा," काका म्हणाले, "पुरे झाला चावटपणा."

मामानं कानाला हात लावले. "भाऊजी, शप्पथ घेतो, मी त्या खोलीच्या वाटेला गेलेलो नाही."

जावयानं पासवर्ड बदलला. "शेजाऱ्यांचं एखादं यंत्र चुकून जोडलं गेलं असेल, बाबा. होतं असं."

मंगळवारी चार वाजायच्या आत काकांनी मोठा पत्र्याचा डबा हॉलमध्ये फिरवला आणि सगळ्यांचे मोबाइल बंद करून त्यात टाकायला लावले. एक मावसभाऊ कुरकुरला, तर विहीणबाईंनीच त्याच्या हातातून मोबाइल ओढून डब्यात टाकला. झाकण लावून डबा काकूंच्या मांडीवर ठेवला. "माझ्यावर भरवसा आहे ना?" काकूंनी विचारलं. "तुला कुठं गाणं लावता येतं," काका म्हणाले आणि आत गेले.

मुंगी जागी होती, छताकडे बघत मुठी हलवत होती. काकांनी गोष्ट सुरू केली, आणि दुसऱ्याच वाक्याला ते थांबले.

एक्स्चेंजमध्ये बसलेल्या माणसाच्या कानाला एक गोष्ट कळते. दोघं बोलत असताना लाइनवर तिसरा कुणी कान लावून बसला, की आवाज किंचित बसतो. बोलणाऱ्यांना ते कळत नाही, ऑपरेटरला कळतं. इथे तर लाइनच नव्हती, चार भिंती होत्या, पडदा होता, औषधाचा आणि दुधाचा वास होता. तरी त्या खोलीतला आवाज बसला होता.

स्पीकरवरचा बारीक दिवा लागलेला होता.

"कान वाजतायत तुमचे," नंतर काकू म्हणाल्या. डबा त्यांच्या मांडीवर तसाच होता आणि सगळेच्या सगळे मोबाइल आत बंद होते. काकांनी यादी पुढे केली. बारावा पाहुणा चार वाजून पाच मिनिटांनी आला होता आणि चार वाजून अकरा मिनिटांनी गेला होता. काकूंनी चष्मा लावून वाचलं, मग काढून पुसला आणि पुन्हा वाचलं.

५

बुधवारी सकाळी काका वही घेऊन बसले. हॉलमधल्या पाहुण्यांच्या वेळा कशाही वेड्यावाकड्या होत्या. कुणी चार मिनिटं, कुणी सतरा. मग त्यांनी मोबाइलमधली मुंगीच्या खोलीची मागची सगळी यादी खाली सरकवत नेली. बारावा काही सोमवारी पहिल्यांदा आलेला नव्हता. वायफाय वेगळं काढल्याच्या पहिल्या दिवसापासून तो येत होता, काकांनीच यादीत इतकं खाली कधी बघितलं नव्हतं.

तीन मिनिटं. सहा मिनिटं. नऊ. पुन्हा नऊ. सहा.

काकांच्या हातातलं पेन थांबलं. तीनच्या पाढ्याबाहेर एकही आकडा नव्हता. आता या जगात परगावच्या बोलण्याचं माप आठवणारी माणसं किती उरली असतील? जावयाला तर ट्रंककॉल हा शब्दही सासऱ्याच्या टोपणनावामुळेच माहीत होता.

शनिवारची जागा मात्र रिकामी होती. शनिवारी काय झालं होतं? शनिवारी काका दाताच्या डॉक्टरकडे गेले होते. त्यांच्या ऐवजी चार वाजता पाळण्याशेजारी काकू बसल्या होत्या, चांगला तासभर, गाणी म्हणत.

म्हणजे हा जो कुणी होता तो मुंगीसाठी येतच नव्हता. तो काकांसाठी येत होता.

ते स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिले. काकू चहाचं आधण ठेवत होत्या, विहीणबाई आणि लेक कशावरून तरी खिदळत होत्या. "काय हो, चेहरा का असा?" काकूंनी विचारलं.

"काही नाही. वरून बोलावणं आलंय की काय, बघत होतो."

"इतक्यात कोण बोलावतंय तुम्हाला," काकू म्हणाल्या, "तिथं शांतता आवडते त्यांना."

काका हसले. पण बाकी कुणी हसायच्या आत ते हॉलमध्ये जाऊन बसले. मरणाची भीती त्यांना एवढी नव्हती. पण उद्या गुरुवार होता. उद्या त्या तपासणीच्या खोलीत लेकीजवळ आपण असलंच पाहिजे, फुली येवो की आणखी काही येवो. एवढं झालं की मग कुणीही बोलवावं.

६

चारला ते आत गेले तेव्हा त्यांचं ठरलं होतं. स्पीकरची पिन ओढून काढायची, यंत्र डब्यात घालायचं आणि विषय संपवायचा. जावयाला काय सांगायचं ते नंतर बघू.

दुपारची तिरकी उन्हं पाळण्याच्या कडेवर आली होती. मुंगी टक्क जागी. बाहेर मामा काहीतरी सांगत होता आणि सगळं घर हसत होतं. काका खाली वाकले, पिनेला हात घातला.

दिवा लागला. खोलीतला आवाज बसला.

काकांनी पिन धरून ठेवली, पण ओढली नाही. पंचवीस वर्षांची शिस्त आडवी आली. बोलणं चालू असलेली लाइन न विचारता तोडायची नाही, समोर कुणीही असो. आणि बोलणं चालू आहे का, हे कळायला आधी बोलावं लागतं. ते जमिनीवरच बसले, पिनेवरचा हात तसाच ठेवून, आणि त्यांनी मुंगीकडे बघत ती गोष्ट सुरू केली जी ते तिला दर एक-दोन दिवसांनी सांगत.

"तर काय झालं, एक गृहस्थ होते. पहिल्यांदाच परगावी फोन लावत होते, भावाला. मी जोडून दिला. हे म्हणाले, 'ऐकू येतंय का?' तो म्हणाला, 'येतंय, तुला येतंय का?' हे म्हणाले, 'मला येतंय, पण तुला नीट येतंय ना?' अशी दोघांनी तीन मिनिटं घालवली. मी मध्ये शिरलो. म्हटलं, 'तीन मिनिटं झाली, वाढवू का?' तर ते गृहस्थ म्हणाले..."

स्पीकरमधून कुणीतरी हसलं.

छोटंसं, घशातल्या घशात दाबलेलं हसू. काकांच्या मानेवर काटा आला. कारण गोष्टीतला विनोद अजून आलेलाच नव्हता. "कशाला वाढवायची? बोलणं तर झालं सगळं!" हे वाक्य अजून त्यांच्या तोंडातच होतं. हसणाऱ्याला ते पाठ होतं. गोष्ट पुष्कळदा ऐकलेलं माणूसच असं आधी हसतं, राहवत नाही त्याला.

हसू थांबलं. त्यामागं एक खोली होती, हे काकांच्या कानाला स्पष्ट कळलं. कुठलीतरी मोठी, शांत खोली. कुणीतरी कप बशीत ठेवला. खुर्ची जराशी करकरली, कुणी पुढे वाकून बसावं तशी.

७

"कोण बोलतंय?" काका म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला. "कुणाकडे जोडू?"

पलीकडून नुसता श्वास ऐकू आला.

पाळण्यात मुंगीनं मूठ उघडली आणि मिटली. काकांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा त्या बारीक दिव्याकडे. मग त्या गोष्टीतल्या गृहस्थांनी विचारला तोच प्रश्न त्यांनी विचारला, कारण दुसरं काही सुचेना.

"ऐकू येतंय का?"

"येतंय."

बाईचा आवाज होता. म्हातारा, काकांच्या आवाजाहूनही म्हातारा, पण स्वच्छ. शेवटी जरा हसरा. हा आवाज त्यांनी जन्मात कधी ऐकला नव्हता. बोलताना शेवटचं अक्षर किंचित ओढायची लकब मात्र त्यांच्या ओळखीची होती. ती काकूंची होती, लेकीचीही होती.

काकांचा हात पिनेवरून गळून पडला. किती वेळ गेला कोण जाणे. डोक्यात काही नव्हतं. पण आत कुठंतरी बसलेलं जुनं घड्याळ चालूच होतं, त्यानं आपलं काम केलं, आणि तोंडातून आपोआप वाक्य बाहेर पडलं.

"तीन मिनिटं झाली. वाढवू का?"

पलीकडे श्वास अडकला. मग तो म्हातारा आवाज एखाद्या लहान मुलीनं हट्ट करावा तसा म्हणाला, "वाढवा ना, हॅलोबा."

ट्रंककाका जमिनीवर बसून राहिले, पाळण्याच्या लाकडाला डोकं टेकून. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. काचेची ती पेटी, तिची गोल खिडकी, आणि आजूबाजूला कुणी नसताना केलेली कुजबूज. तेव्हाही ऐकत होती ही! दोन फुल्या घेऊन पडली होती आणि ऐकत होती.

मग दुसरी गोष्ट त्यांना उमगली, जरा उशिरानं. एवढं म्हातारपण येईपर्यंत ती जगली आणि तरी तिला हॅलोबाचा आवाज ऐकायला इथवर यावं लागलं. तिच्याकडे तो कधीचाच उरला नसणार. गार वारा अंगावरून गेल्यासारखं वाटलं त्यांना, क्षणभरच. चालायचंच. लाइन लागली होती, ते काय कमी होतं?

त्यांनी डोळे पुसले, घसा साफ केला, आणि गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली. या वेळी सावकाश, प्रत्येक शब्द नीट उच्चारून, लांबच्या कॉलवर बोलतात तसं.

दारावर टकटक झाली. "अहो, चहा गार होतोय," काकू बाहेरून म्हणाल्या. "आणि कुणाशी बोलताय?"

"थांब जरा," काका म्हणाले. "बोलणं चालू आहे."

८

गुरुवारी हॉस्पिटलच्या त्या छोट्याशा खोलीत लेकीच्या मांडीवर मुंगी झोपली होती आणि डॉक्टरीणबाई तिच्या कानात बारीक बोंडं घालत होत्या. जावई भिंतीकडे तोंड करून उभा होता. काकूंनी काकांचा हात घट्ट पकडला होता, आणि काकांचा हात कोरडा आणि स्थिर होता, याचं काकूंना नवल वाटत होतं.

उजव्या कानाचा दिवा हिरवा झाला. मग डाव्या कानाचा.

त्यानंतर कोण कुणाच्या गळ्यात पडून रडलं, याला काही धरबंधच राहिला नाही. बातमी घरी पोचली तेव्हा मामानं हॉलमधला स्पीकर पूर्ण आवाजात लावला, तोही परवानगी न घेता, आणि विहीणबाई वरातीच्या त्याच गाण्यावर चक्क नाचल्या. मुंगी या गोंधळात घरी आली आणि दचकून तिनं भोकाड पसरलं. इतकं गोड रडणं त्या घरानं कधी ऐकलं नव्हतं. तिला गप्प करायचं कुणाच्या मनातच येईना.

"भाऊजी, तुम्ही एकटेच कसे हो निवांत?" मामानं विचारलं. "आणि तुमच्या त्या बाराव्या पाहुण्याचं काय झालं? हाकलला का?"

"राहू दे त्याला," काका म्हणाले. "घरचंच आहे."

चारला पाच मिनिटं होती. काका वही घेऊन मुंगीच्या खोलीत गेले, खुर्चीत बसले, आणि कालच्या तारखेपुढे, नावाची जागा इतके दिवस कोरी राहिली होती तिथे, त्यांनी नीट अक्षरात मुंगी असं लिहिलं. खोली, तिचीच. सुरुवात, चार वाजून तीन मिनिटं. शेवटच्या रकान्यात वेळ लिहायची होती. त्यांनी जरा विचार केला आणि तिथे लिहिलं, वाढवली.